पट्टे सरळ होईपर्यंत

माझ्या तरुणपणाची बहुतेक सगळी वर्षं मी एका पिवळ्या दिव्याखाली बसून काढली. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई कुठल्यातरी फोटो स्टुडिओत कामाला होती. फोटो स्टुडिओत निदान लोक हसायला तरी येतात. मी भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या पुढे, औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात होते. तिथे पंपात बसवायच्या स्टीलच्या रिंगा तयार व्हायच्या आणि त्या तपासायचं काम माझ्याकडे होतं.

पंपाच्या आत अशा दोन रिंगा एकमेकींना तोंड लावून असतात. एक फिरते, एक जागच्या जागी राहते, आणि दोघींच्या मधून पाण्याचा थेंबही बाहेर यायला नको असतो. त्यासाठी त्यांची तोंडं इतकी सपाट घासावी लागतात, की ती सपाटी नुसत्या डोळ्यांना कळत नाही आणि बोटांनाही कळत नाही. ती उजेडालाच विचारावी लागते. घासून आलेली रिंग पुसून काळ्या दगडाच्या पाटावर ठेवायची, तिच्यावर जाड गोल काच ठेवायची आणि वरून सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड सोडायचा. मग काचेत काळे पट्टे उमटतात. पट्टे सरळ आणि सारख्या अंतरावर असले तर रिंग पास. वाकले असले तर रिंग परत घासायला.

हे पट्टे कुठून येतात ते मी कॉलेजात शिकले होते आणि परीक्षेत आकृतीसकट लिहून मार्कही मिळवले होते. काच आणि रिंग यांच्यामध्ये हवेचा अगदी पातळ थर राहतो. थोडा उजेड काचेच्या खालच्या अंगावरूनच परत फिरतो, थोडा पुढे जाऊन रिंगेवर आपटून परत येतो, आणि वर येताना दोघं एकमेकांना भेटतात. दोघांच्या लाटा एकाच वेळी वर जात असल्या तर तिथे लख्ख उजेड. एकाची वर जातेय आणि दुसऱ्याची खाली येतेय असं झालं तर दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, तिथे काळोख. उजेडात उजेड मिसळून काळोख होतो, हे मी पाठ केलं होतं. दिवसभर तेच बघत बसायची नोकरी असते, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

शेठ गुजराती होते. मुलाखतीत त्यांनी एवढंच विचारलं, "बी.एस्सी. फिजिक्स? चलेगा. आँख बराबर है ना?" पहिल्या दिवशी त्यांनी मला काच दाखवली, दिवा दाखवला आणि बोट वर करून म्हणाले, "एक बात याद रखने का, बेन. माल को हाथ में लेके बैठने का नहीं. रख देने का, ठंडा होने देने का, फिर देखने का." मला वाटलं, शेठना बाईमाणसाचा हात नको असेल. पण त्यांचं खरं होतं. रिंग थोडा वेळ जरी मुठीत राहिली तरी हाताच्या उबेने ती कणभर फुगते आणि चांगल्या रिंगेचे पट्टे वाकडे दिसायला लागतात. मग ती पाटावर एकटी सोडून द्यायची आणि पट्टे आपापले सरळ होईपर्यंत वाट बघायची.

त्या केबिनमध्ये पंखा नव्हता, कारण वाऱ्यानेही पट्टे हलायचे. दार बंद, कारण बाहेरच्या मशीनची धूळ. खिडकीला काळा रंग. सकाळी दिवा लावला की आधी गुलाबी-लाल दिसायचा, मग हळूहळू पिवळा व्हायचा, आणि एकदा का पूर्ण पिवळा झाला की खोलीतले बाकी सगळे रंग मरायचे. माझ्या हिरव्या बांगड्या मातकट दिसायच्या, लाल टिकली काळी दिसायची, डब्यातलं लोणचं डांबरासारखं. झाडू मारायला गोडदेव गावातली एक मावशी यायची. ती उंबऱ्यावरूनच आत डोकावायची आणि म्हणायची, "बाय गो, मानूस हाय का भूत हाय, कलत न्हाय." मी हसायचे. पण ती गेल्यावर काचेत माझा चेहरा दिसायचा आणि मला तिचं म्हणणं पटायचं.

घरी गेले की वेगळं काही नव्हतं, फक्त तिथे ट्यूबलाइट होती.

आम्ही गिरगावातल्या चाळीतली खोली विकून भाईंदरला ब्लॉक घेतला तेव्हा आई सगळ्यांत खूश होती. स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं न्हाणीघर, दाराला स्वतःचं कुलूप. वर्ष-दीड वर्षात ती गेली. मागे बाबा आणि मी. बाबा नुकतेच ऑफिसातून निवृत्त झाले होते. चाळीत आमचं दार रात्री झोपण्यापुरतंच बंद व्हायचं. बाबा बाहेर गॅलरीत नुसते उभे राहिले तरी तासाभरात चार जणांशी त्यांचं भांडण आणि तिघांशी समेट व्हायचा. इथे मजल्यावर चार दारं, चारी बंद. शेजारी माणसं वाईट नव्हती. पण बाबांचं हिंदी असं, की समोरच्या गुजराती वहिनींना "आज पाणी आएगा क्या" विचारताना ते अर्ज करतायत असं वाटायचं. शेवटी त्यांनी तेही सोडलं. ते खिडकीशी बसायचे. तिथून मिठागरं दिसायची, मिठाचे पांढरे ढीग आणि त्यांच्या मधली पाण्याची चौकोनी शेतं. उन्हात तिकडे बघवत नसे, पण बाबा बघत राहायचे.

मग माझं एक स्थळ आलं. मुलाची मावशी भाईंदर पश्चिमेला मोरव्यात राहायची, तिच्यामार्फत. मुलगा वसईच्या एका कारखान्यात ऑफिसला होता. बघायला आला तेव्हा त्याने मला विचारलं, दिवसभर काय करता? मी म्हटलं, काळे पट्टे बघते. एव्हाना दोन-तीन स्थळं या उत्तरावर हसून झाली होती. हा हसला नाही. जरा विचार करून म्हणाला, "सरळ आले की बरं वाटत असेल ना?" हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. मी "हो" म्हटलं, आणि पोह्यांची बशी त्याच्या हातात दिली.

ते लोक गेल्यावर मी बाबांना सांगितलं, "मला नाही करायचं."

"का? मुलात काय खोट आहे?"

"खोट काही नाही. मला नाही करायचं."

खोट एवढीच होती, की मी वसईला गेले की बाबा त्या चार बंद दारांमध्ये एकटे पडणार होते. पण हे त्यांच्या तोंडावर कसं बोलणार? त्यांना ते कळलं नाही असंही नाही. ते लाल झाले. "माझ्यासाठी राहणार असशील तर राहू नकोस. मी काय लहान मूल आहे? उद्या लोक म्हणतील, म्हाताऱ्याने पोरीचा संसार खाल्ला." मीही बोलले, नको तेवढं बोलले. आमच्या दोघांच्याही नाकावर राग. आई होती तोवर ती मधे पडायची. त्या दिवसापासून बाबांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मुलाच्या मावशीला काय ते कळवायचं तसंच राहून गेलं.

ज्याने हे अनुभवलं नाही त्याला सांगून कळणार नाही, दोन माणसांच्या घरात एक बोलेनासा झाला तर किती शांत होतं ते. नळाचं पाणी गेलेलं ऐकू येतं. वरच्या मजल्यावर कोणी पाट सरकवला तर जीव दचकतो. आणि गंमत अशी, की या अबोल्यात आम्ही एकमेकांची काळजी मात्र इतकी घेत होतो की सोय नाही. मी कामावरून येणार म्हणून बाबा चहाला थांबायचे, त्यांनी घेतला असेल म्हणून मी चहा टाकायचे नाही, दोघंही बिनचहाचे. जेवताना डब्यात शेवटची एक पोळी उरायची. ती बाबा माझ्यासाठी ठेवायचे आणि मी बाबांसाठी. सकाळी ती वाळून कडक झालेली असायची. मी ती कुस्करून कावळ्यांना घालायचे. आमच्या खिडकीतले कावळे त्या दिवसांत चांगले गुबगुबीत झाले होते.

मला तेव्हा फार एकटं वाटायचं. आईवर राग यायचा. हिने आम्हाला इथे आणलं आणि आपण निघून गेली, असं मनात यायचं आणि मग त्याचंच रडू यायचं. रडायलाही केबिनच बरी. पिवळ्या उजेडात डोळे लाल झालेले कोणाला दिसत नाहीत.

एका गुरुवारी दुपारी केबिनच्या दारावर थाप पडली. शेठ होते. "बेन, तुम्हारा पप्पा आया है." मी बाहेर आले तर मशीनच्या गोंगाटात बाबा उभे. पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, वर बनियन, पायांत घरातल्या स्लिपर. हातात कचऱ्याची रिकामी बादली. ते कचरा टाकायला खाली उतरले होते आणि मागे वाऱ्याने दार आपटलं. आमच्या दाराला ते आपोआप लागणारं कुलूप होतं. चाळीत जन्म काढलेल्या माणसाला दार आपल्या पाठीमागे आपल्यालाच बाहेर ठेवून बंद होऊ शकतं, हे लक्षात राहत नाही. शेजारी बेल दाबून बसायला जागा मागावी, तर हिंदी आडवं आलं आणि बनियनही. म्हणून हा गृहस्थ त्या अवतारात, बादली घेऊन, उन्हातून गोडदेवपर्यंत चालत आला.

"किल्ली," ते म्हणाले. कित्येक आठवड्यांत ऐकलेला पहिला शब्द.

मी किल्ली दिली. पण त्यांचा चेहरा उन्हाने असा झाला होता, की मीच म्हटलं, "जरा बसा आत. मला हा माल आज संपवायचाय, संध्याकाळी टेम्पो काशीमीऱ्याला जाणार आहे." मला वाटलं होतं, नाही म्हणतील. ते आत आले आणि बादली कोपऱ्यात ठेवून स्टुलावर बसले. पिवळ्या उजेडात त्यांच्या लेंग्याच्या निळ्या पट्ट्या काळ्या झाल्या. मी पाणी दिलं आणि कामाला लागले.

थोड्या वेळाने मागून आवाज आला, "हे काय आहे?"

मी सांगितलं. काच दाखवली, पट्टे दाखवले, ते कसे पडतात तेही सांगितलं. बाबांनी आयुष्यभर ऑफिसात हिशेब तपासले होते. त्यांना ते पटेना. "दोन उजेड मिळून काळोख कसा होईल? एक आणि एक शून्य?"

"एकाची लाट वर जात असते तेव्हा दुसऱ्याची खाली येत असते, बाबा. म्हणून."

"म्हणजे दोघांतला वाईट कोणीच नाही?"

"नाही. दोन्ही उजेडच."

समोरच्या ताटात एक रिंग होती, तिच्या बाहेरच्या काठाची खपली उडाली होती म्हणून बाजूला काढलेली. तोंड तिचं उत्तम होतं. बाबांनी ती उचलली आणि हातात धरून उलटसुलट बघत राहिले. मग म्हणाले, "ही दाखव बघू." मी ती पाटावर ठेवून वर काच ठेवली. पट्टे असे वाकले होते, जसं कोणी खालून बोट लावून ढकललंय.

"ही वाकडी आहे," बाबा म्हणाले.

"नाही, सरळ आहे. तुमच्या हाताची ऊब लागली तिला. थांबा, होईल सरळ."

आम्ही दोघं वाकून थांबलो. त्यांचं डोकं माझ्या डोक्याला जवळजवळ लागलं होतं, त्यांच्या बनियनला घामाचा आणि साबणाचा वास येत होता. पट्टे हलताना दिसत नाहीत. पण बघत राहिलं की कळतं, मघाशी इथे होता तो आता तिथे आहे. बाबा तोंडातल्या तोंडात म्हणाले, "मग दोघांपैकी एक जरासा सरकला तर?"

"तर तिथे उजेड पडेल."

"किती सरकायचं?"

"अगदी थोडं. लाटेचं अर्धं पाऊल."

त्यांनी मान हलवली. पट्टे सरळ झाले तेव्हा ते खुदकन हसले, एखादं कोडं सुटल्यासारखे. जाताना त्यांनी विचारलं, ही घेऊ का? काठ फुटलेली रिंग भंगारातच जाणार होती. शेठ म्हणाले, "ले जाओ, काका." मी म्हटलं, रुमालात गुंडाळून ठेवा, ओरखडे पडू देऊ नका. बाबा रिंग आणि बादली घेऊन गेले.

शुक्रवारी आमच्या वसाहतीला सुट्टी असायची. मी उठले तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत होते. कुठे ते बोलले नाहीत, पण "येतो" म्हणाले. मी रात्रभर विचार केला होता. बाबा काल आले, बोलले, हसले. मग मीच का अडून बसू? वसई काही सातासमुद्रापार नाही. आणि खरं सांगायचं तर तो मुलगा मला आवडला होता. मी आंघोळ करून शिरा केला, आईच्या हातचा व्हायचा तसा, वरून वेलची.

बाबा आले. मी त्यांना बसूही दिलं नाही. "बाबा, मोरव्याला जाऊन मावशींना सांगा. माझा होकार आहे."

ते शर्टाचं वरचं बटण काढत होते. हात तिथेच राहिला.

"मी तिथूनच येतोय," ते म्हणाले.

"कशाला गेला होतात?"

"सांगून आलो, मुलीच्या मनात नाही, तुम्ही खोळंबू नका म्हणून. म्हटलं, तू एवढी माझ्यासाठी राहतेस, तर मीच सरकतो जरा. तुझ्या मनासारखं होऊ दे."

मी पळी हातात धरून उभी राहिले. बाबांनी परत चपला घातल्या आणि आल्या पावली मोरव्याला गेले. उन्हं उतरताना परतले. मावशी म्हणाल्या, आम्ही तुमच्याच उत्तरासाठी थांबलो होतो. तुम्ही गेलात आणि दुसऱ्या घरी शब्द देऊन टाकला. शब्द दिला म्हणजे दिला. त्या लोकांचंही काही चुकलं नव्हतं.

आम्ही दोघंही अर्धं अर्धं पाऊल सरकलो होतो. दोघंही तेवढंच सरकले तर दोघांमधला फरक जिथल्या तिथे राहतो. फिजिक्सची पदवी माझ्याकडे होती आणि मला ते सुचलं नाही.

मला आधी भयंकर राग आला, मग रडू आलं, आणि मग थंडगार झालेल्या शिऱ्याकडे बघून बाबा म्हणाले, "हा कोणाच्या लग्नाचा?" तेव्हा मला असं हसू फुटलं की थांबेना. बाबाही हसले, ठसका लागेपर्यंत. त्या दिवशी शेवटची पोळी मी मधोमध फाडली आणि अर्धी त्यांच्या ताटात टाकली. कावळ्यांचे दिवस फिरले.

नंतर स्थळं आली, पण मी कोणाला पट्ट्यांचं सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. हळूहळू ती यायची थांबली. एकटेपणा गेला असं मी म्हणणार नाही. तो केबिनमध्ये होता, जिन्यात होता, सणावाराला जास्त असायचा. पण घरात बोलणं होतं. आम्ही चांगले कडाकडा भांडायचो. बाबा ती रिंग रुमालात गुंडाळून उशाशी ठेवायचे. संध्याकाळी खिडकीशी बसले की मुठीत धरायचे. मी म्हणायचे, "पट्टे वाकतील." ते म्हणायचे, "वाकू देत. बघणार कोण आहे?"

भाईंदर बदलत गेलं. मिठागरांच्या कडेने इमारती उभ्या राहिल्या आणि आमच्या खिडकीत मिठाऐवजी दुसऱ्यांच्या खिडक्या आल्या. नव्वदचं दशक सरत आलं असताना, एका हिवाळ्यात, बाबा चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेले. चारी दारं त्या दिवशी उघडली. समोरच्या गुजराती वहिनी मला कवेत घेऊन रडल्या आणि म्हणाल्या, "काका रोज पूछते थे, पानी आएगा क्या." बाबांनी पुन्हा विचारायला सुरुवात केली होती, हे मला माहीत नव्हतं.

तेराव्यानंतर मी कामावर गेले. पिशवीत डबा होता आणि हातात ती रिंग. दिवा गुलाबी झाला, मग पिवळा झाला. मी रुमाल सोडला, रिंग पाटावर ठेवली, वर काच ठेवली. पट्टे वाकलेले होते. तसेच, खालून कोणी बोट लावून ढकलावं तसे. क्षणभर मला खरंच वाटलं, बाबांच्या हाताची ऊब अजून आत आहे.

मग आठवलं, मी घरापासून ती मुठीत धरूनच चालत आले होते.

मी थांबले. माझं कामच ते. हळूहळू पट्टे सरळ झाले, शेवटचा तेवढा उशिरा. बाहेर मशीन सुरू झाली आणि झाडूवाली मावशी दारातून डोकावून निघून गेली. ताटात तपासायचा माल येऊन पडला होता. मी काच उचलली, बाबांची रिंग घेऊन पुन्हा मुठीत धरली, चांगली ऊब लागेपर्यंत धरली, आणि परत काचेखाली ठेवून बघत बसले.